श्रेय कोणाच्या खाती मांडावयाचे?

नागपूरच्या प्रतापनगर भागात ‘कोच’ हा शब्द क्वचित ऐकू येतो. ‘कोचिंग’ हा मात्र घरोघरी ऐकू येतो. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, सरकारी कचेऱ्यांतील कारकून यांनी भूखंड घेऊन, कर्जाचे हप्ते फेडीत वसविलेल्या या ले-आउटमधून मुलगा दहावीला गेला की त्याचे कोचिंग कोठे लावावयाचे, हा प्रश्न घरातील अंदाजपत्रकाचा पहिला प्रश्न होतो. निकाल लागला की शिकवणीवर्गांचे फलक झळकतात. फलकावर विद्यार्थ्याचे छायाचित्र, त्याचे गुण आणि खाली वर्गाचे नाव. यश मुलाचे, की वर्गाचे, की चार वर्षे हौसमौज बाजूस ठेवून शुल्क भरणाऱ्या बापाचे, याचा निवाडा कोणी करीत नाही. फलक लावणाऱ्याने तो आपल्यापुरता केलेलाच असतो.

याच प्रतापनगरातून खामल्याच्या बाजूने वर्धा मार्गाला लागले आणि शहर मागे टाकले की जामठ्याचे क्रिकेट मैदान लागते. तेथे 7 फेब्रुवारी 2019 रोजी विदर्भाने सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून रणजी करंडक सलग दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हाही हाच प्रश्न उपस्थित झाला होता. श्रेय कोणाचे? कर्णधार फैज फजलचे, चाळिशी ओलांडूनही त्या हंगामात हजाराच्या वर धावा काढणाऱ्या वसीम जाफरचे, अंतिम सामन्यात अकरा बळी घेणाऱ्या आदित्य सरवटेचे, की यांपैकी एकही चेंडू न टाकलेल्या आणि एकही धाव न काढलेल्या चंद्रकांत पंडित नावाच्या प्रशिक्षकाचे? त्या दिवसांत बहुतेकांनी पंडितांच्या बाजूने कौल दिला. तो बरोबर होता काय, हे तपासण्यास आता पुरेसा काळ लोटला आहे.

विदर्भाचे क्रिकेट म्हणजे दीर्घकाळ ‘अनुशेष’ या शब्दाचेच एक उदाहरण होते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 साली आपला अहवाल दिला आणि रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण यांत कोणता भाग किती मागे आहे हे आकड्यांनी मांडले. क्रिकेटचा अनुशेष त्या समितीच्या कक्षेत नव्हता. असता तर तो भरून काढण्यास किती पंचवार्षिक योजना लागतील, हे सांगणे समितीलाही अवघड गेले असते. 1957-58 च्या हंगामात विदर्भ या नावाने संघ रणजी स्पर्धेत उतरला. राज्य पुनर्रचना झाली, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ मध्य विभागात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश यांच्याच पंक्तीला राहिला. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची ही एक विसरली गेलेली खूण म्हणावयास हरकत नाही. 1969 साली सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी सामना झाला, म्हणजे नागपूर कसोटीचे केंद्र झाले. पण विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचणारा पहिला खेळाडू, वेगवान गोलंदाज उमेश यादव, 2011 साली निघाला. मध्ये बेचाळीस वर्षे गेली. नागपूरकरांनी दुसऱ्यांचे क्रिकेट पाहण्यात ती घालविली.

अशा संघाकडे 2017 साली पंडित आले, ते मुंबईहून, आणि काहीसे अवमानित होऊन. त्यांच्या हाताखाली मुंबईने 2002-03, 2003-04 आणि पुढे 2015-16 असा तीनदा करंडक जिंकला होता. जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरविले आणि त्यानंतर मुंबईने त्यांच्याऐवजी दुसरा प्रशिक्षक नेमला. एका वर्षी विजेतेपद, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद, आणि तिसऱ्या वर्षी नारळ! सरकारी नोकरीत ज्याला गोपनीय अहवालातील ‘उत्तम’ शेरा म्हणतात, तो असतानाही प्रशिक्षकाची नोकरी टिकत नाही. या पेशाचे अर्थशास्त्र समजून घ्यावयाचे तर येथूनच प्रारंभ करावा लागतो.

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल हे त्याचे टोकाचे रूप आहे. तो फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नव्हे; तेथे चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा. प्रत्येकाला स्वतंत्र संयोजक असतो. चढाईच्या संयोजकाला तेथे ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ म्हणतात आणि चढाईचा सूत्रधार जो खेळाडू, त्या क्वार्टरबॅकला घडविण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याकडेच असते. पुढची चाल कोणती, हे तो ठरवितो. ती एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी पार पाडतो. आणि विजयाचे भाषण मुख्य प्रशिक्षक करतो. दोन हंगाम चाली साधल्या तर दुसरे विद्यापीठ अधिक पगार देऊन त्याला नेते. एक हंगाम फसला तर सामान बांधावे लागते. मुलांच्या शाळा बदलत, घरे बदलत या माणसांची उमर जाते. श्रमविभागणीचे लाभ ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन समजावले होते. टाचणीचे टोक काढणाऱ्याचे नाव मात्र टाचणीवर नसते, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू आहे.

आपल्याकडे ही विशेषज्ञता अलीकडची. रणजी संघाबरोबर दीर्घकाळ एक व्यवस्थापक जात असे. तो तिकिटे, राहण्याची सोय आणि भत्ते पाहत असे. शिकविणारे ‘सर’ हे मैदानावरचे, गल्लीतले. पंडित स्वतः अशाच एका सरांचे, रमाकांत आचरेकरांचे शिष्य. दादरच्या शिवाजी पार्कवर आचरेकरांनी जी पिढ्यान्‌पिढ्या मुले घडविली, त्यांत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. पंडित त्यांच्या आधीच्या पिढीतले. एका दिवसात अनेक मैदानांवर मुलाला सामने खेळावयास लावणे, चुकीला क्षमा न करणे आणि कौतुक शक्य तो न करणे, ही आचरेकरांची पद्धती होती. 2 जानेवारी 2019 रोजी आचरेकर निवर्तले, त्या वेळी त्यांचा हा शिष्य विदर्भाला दुसऱ्या विजेतेपदाकडे नेत होता.

खेळाडू म्हणून पंडितांना जे मिळाले ते अपुरेच म्हणावे लागेल. 1986 ते 1992 या काळात पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने. यष्टिरक्षक म्हणून किरण मोरे पुढे असल्याने त्यांना कधी केवळ फलंदाज म्हणून, कधी कोणी आजारी पडले म्हणून खेळावे लागले. सप्टेंबर 1986 मधील मद्रासच्या ऐतिहासिक बरोबरीच्या कसोटीत त्यांच्या 35 आणि 39 धावा आहेत. एका धावेचे मोल काय असते हे त्या सामन्यात खेळलेल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवरील उपांत्य सामना त्यांना मिळाला, तोही दिलीप वेंगसरकर आजारी पडल्यामुळे, आणि भारत तो हरला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये मात्र आठ हजारांवर धावा. म्हणजे देशी बाजारात पत उत्तम, निर्यातीत मात्र मागणी नाही, अशी ही स्थिती होती. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशाकडून खेळले व कर्णधारही झाले. एप्रिल 1999 मध्ये बंगलोरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने कर्नाटकावर पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक त्यांचा होता. अखेरच्या दिवशी विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि मध्य प्रदेश 96 धावांनी हरला. ही सल पुढे तेवीस वर्षे राहावयाची होती.

विदर्भात आल्यावर पंडितांनी काय केले? येथे दंतकथा पुष्कळ आहेत आणि त्यांतील निम्म्या सोडून दिलेल्या बऱ्या. शिस्त कडक होती, वेळेची हयगय चालत नव्हती, मैदानावर ‘आम्ही विदर्भवाले, आमचे काय’ ही भाषा बंद झाली, एवढे निश्चित. पण केवळ शिस्तीने करंडक मिळत असते तर प्रत्येक कवायतीच्या मैदानावरून एक करंडक आला असता. पंडितांचे खरे कौशल्य निवडीत आणि नेमणुकीत दिसते. कोणाला कोणत्या वेळी कोणते काम द्यावयाचे, हे त्यांनी ठरविले. रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीची पदवी घेतलेला नागपूरचा तरुण. 2017-18 च्या हंगामात तो सहाच सामने खेळला आणि त्याने 39 बळी घेतले. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला जिंकावयास 198 धावा हव्या होत्या. चौथ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा त्यांचे सात गडी बाद झाले होते. पाचव्या सकाळी उरलेली जोडी चिवटपणे धावा जमवीत गेली आणि सामना हातचा जातो असे वाटू लागले. अखेर 192 धावांवर शेवटचा गडी पडला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले होते. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यात यापूर्वी अशी हॅट्‌ट्रिक 1972-73 मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केली होती. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा काढल्या, आणि 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भाने नऊ गडी राखून साठ वर्षांतील पहिला करंडक जिंकला. मैदान तेच, जेथे वर्षापूर्वी पंडितांचा मुंबई संघ हरला होता. योगायोगांवर फार विसंबू नये हे खरे. पण हा नमूद न करणे कृपणपणाचे होईल.

या यशाचा हिशेब करताना गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांचे नाव सहसा मागे पडते. ते बिहारचे. 1992 च्या जानेवारीत सिडनीला एकच कसोटी खेळले. पहिल्याच डावात मार्श, टेलर आणि मार्क वॉ या तिघांना त्यांनी बाद केले आणि पुन्हा कधी त्यांना कसोटी मिळाली नाही. शेन वॉर्नचीही ती पहिलीच कसोटी. वॉर्नचे पुढे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. नागपूरला येऊन या माणसाने वर्षानुवर्षे वेगवान गोलंदाजांवर मेहनत घेतली. खापरखेड्याच्या बाजूच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या उमेश यादवने आपल्या जडणघडणीत बॅनर्जींचा वाटा मानला आहे. पंडित येण्याआधीही गोलंदाज तयार होतच होते, हे यावरून दिसते. निवासी अकादमी, जामठ्याचे 2008 पासून कसोटी सामने पाहिलेले मैदान, क्रिकेट मंडळाकडून राज्य संघटनांना मिळणारा वाढता वाटा, प्रशांत वैद्यांसारख्या माजी खेळाडूंचा संघटनेच्या कारभारातील सहभाग, आणि 2015 पासून संघात आलेला जाफर, ही सारी भांडवली गुंतवणूक आधीच झालेली होती.

रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने 1957 साली, म्हणजे विदर्भाचा संघ रणजीत उतरला त्याच वर्षी, एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत 1909 ते 1949 या काळात कामाच्या दर तासामागील उत्पादन जे वाढले, त्यांपैकी भांडवलाच्या वाढीने जेमतेम एक-अष्टमांश वाढीचा उलगडा होत होता. उरलेले सात-अष्टमांश कशामुळे आले हे हिशेबात बसत नव्हते. त्या शिल्लक रकमेला तांत्रिक प्रगती असे नाव मिळाले. मोझेस अब्रामोविट्‌झ यांनी मात्र अशा शिलकीला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. प्रशिक्षकाचे श्रेय नेमके असेच असते. मैदान, पैसा, खेळाडू, नशीब यांचा हिशेब मांडून झाल्यावर जे उरते ते आपण त्याच्या नावे टाकतो. पुष्कळदा ती आपल्या अज्ञानाचीच रक्कम असते. पण पंडितांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे: ही शिल्लक एकाच ठिकाणी नव्हे, तीन ठिकाणी निघाली.

मार्च 2020 मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले. तेथेही तेच. लग्नासाठी रजा मागणाऱ्या आदित्य श्रीवास्तवला दोन दिवसांची रजा मिळाली; हाच पुढे संघाचा कर्णधार म्हणून करंडक घेणार होता. नोकरदार वाचकाला ही गोष्ट ऐकून प्रशिक्षकाविषयी आदर वाटण्याऐवजी संघटना स्थापन करावीशी वाटेल, आणि ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. जून 2022 मध्ये अंतिम सामना मुंबईविरुद्ध होता आणि मैदान पुन्हा बंगलोरचे चिन्नास्वामी. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके काढली. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. मध्य प्रदेश या नावाने आलेला तो पहिला करंडक. इतरांना रडकुंडीस आणणारा हा प्रशिक्षक त्या दिवशी मैदानावर सर्वांदेखत रडला आणि खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतले.

तथापि हीच मात्रा सर्वत्र लागू पडली असे नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये कोलकाता नाइट रायडर्स या व्यावसायिक संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. 2023 साली संघ सातवा आला. 2024 साली विजेता ठरला, पण श्रेयाचा मोठा भाग मार्गदर्शक म्हणून आलेल्या गौतम गंभीरच्या पदरात पडला. 2025 साली संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडित संघापासून दूर झाले. त्यांच्या लष्करी थाटाच्या वागणुकीने परदेशी खेळाडू नाराज होते, असे त्यांच्या हाताखाली खेळलेल्या डेव्हिड वीसे याने जाहीरपणे सांगितले. यात आश्चर्य नाही. रणजीतील तरुणाला आपली जागा जाईल ही भीती असते आणि पंडितांसारख्या माणसामुळे ती मिळेल ही आशाही असते. म्हणून तो ऐकून घेतो. दोन महिन्यांच्या करारावर आलेल्या, अन्य चार देशांतून मागणी असलेल्या खेळाडूला ना ती भीती, ना ती आशा. कामगाराची सौदाशक्ती वाढली की मुकादमाचा आवाज खाली यावा लागतो, हे गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी कळले होते. कडक प्रशिक्षकाचे यश हे काही अंशी खेळाडूच्या अगतिकतेवर उभे असते, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी मान्य केलेली बरी.

राहिला विदर्भाचा प्रश्न, आणि प्रतापनगरच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. बाहेरून आणलेले ज्ञान स्थानिक होते काय? विदर्भातील औद्योगिक वसाहतींचा अनुभव असा की, सवलती असेतो कारखाना राहतो, सवलती संपल्या की फाटकाला कुलूप लागते आणि मागे गंजलेले पत्रे राहतात. पंडित गेले, त्याच महिन्यात जाफर निवृत्त झाला. आता संघ पूर्वस्थितीला येणार, असे अनेकांनी गृहीत धरले. पहिली काही वर्षे तसे दिसलेही. मग मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता. मुंबईने विजयासाठी 538 धावांचे आव्हान ठेवले असताना वाडकरने शतक काढले आणि संघ 368 पर्यंत गेला. हरला, परंतु 169 धावांच्या त्या पराभवात पूर्वीची शरणागती नव्हती. या वेळी प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले.

पुढल्याच हंगामात गनींच्या संघाने उपांत्य सामन्यात मुंबईला 80 धावांनी हरविले. हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने हंगामात 69 बळी घेऊन रणजी स्पर्धेचा उच्चांक केला. यश राठोडने 960 धावा जमविल्या. संघात करुण नायर बाहेरचा होता, आणि अंतिम सामन्यातील त्याच्या 86 आणि 135 धावा विसरता येणार नाहीत; परंतु बहुसंख्य खेळाडू येथल्याच मैदानांवर वाढलेले होते. पहिल्या डावात 153 धावा काढणारा दानिश मालेवार नागपूरचा, एकवीस वर्षांचा. 2017 साली तो शाळकरी मुलगा होता.

तो अंतिम सामना जामठ्यालाच झाला. समोर केरळ होता. केरळचे प्रशिक्षक होते मध्य प्रदेशाचे माजी फलंदाज अमय खुरासिया. आणि केरळच्या संघात, सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भासाठी अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे होता. जो पंडितांच्या हाताखाली शिकला, तो आता ते शिक्षण घेऊन दुसऱ्या राज्यात कामाला गेला होता. केरळच्या पहिल्या डावात त्याने 79 धावा काढून विदर्भाला बराच काळ घोर लावला. केरळचा डाव 342 वर संपला. विदर्भाला 37 धावांची आघाडी मिळाली. तिच्या बळावर 2 मार्च 2025 रोजी सामना अनिर्णित राहून करंडक तिसऱ्यांदा नागपुरात राहिला. वाडकरने तो स्वीकारला तेव्हा सरवटे केरळची टोपी घालून पराभूत संघाच्या रांगेत उभा होता.